मोटर कोणी भरली?

वारूळवाडी,
१४ नोव्हेंबर १९९९

ती. जयावहिनींस,
अमृतचा शिरसाष्टांग नमस्कार.

दिवाळीला आलो नाही म्हणून रुसला असाल तर खुशाल रुसा, पण अनारसे तेवढे कुणाच्या हाती पाठवायला काय हरकत होती? अहो, हाच आमचा सीझन. तुमच्या मढला भात निघालं की तुम्ही मोकळे. इकडं कांदा, टोमॅटो, ऊस, सगळ्यांना एकदम पाणी पाहिजे, अन् वीज येते ती धड नाही. तीन फेजच्या जागी दोनच. माणसाला धीर धरवत नाही, तशीच मोटर चालू करतो, की झाला कोळसा. मग टेम्पोत घालून आणतात अन् टाकतात आमच्या दारात. 'सकाळी पायजे राव, पीक चाललं!' एकूणएकाचं हेच गाणं.

मागच्या पत्रात तुम्ही विचारलं होतं, दिवसभर तुम्ही करता तरी काय. ऐका मग. जळालेल्या मोटरीतली काळी पडलेली तार उपसून काढायची. नवी तांब्याची तार साच्यावर गुंडाळून तिच्या कॉइल करायच्या, अन् त्या एकेक करून मोटरीच्या पोटातल्या खाचांत बसवायच्या. तारेला नुसता ओरखडा गेला तरी घात. वरून वार्निश लावायचं, वाळवायचं. याला आमच्यात मोटर भरणं म्हणतात. पायांचं यात काही काम नाही वहिनी. पोलिओनं दोन्ही पाय नेले, हात तेवढे ठेवले, अन् इथं हातच लागतात. आमचे सावळेराम शेठ म्हणतात, असा वाइंडर नारायणगावात दुसरा नाही. धर्माजी आमचा फिटर. मी मोटर भरतो, तो विहिरीवर जाऊन बसवतो. अशी आमची जोडी.

आबांना एकदा इकडं पाठवा ना. चार वर्षं होत आली मला इथं लागून, त्यांनी दुकान पाहिलेलं नाही. लहानपणी मला खांद्यावर बसवून शाळेत न्यायचे, तेव्हा आख्खी आळी हसायची. 'गेणभाऊ, ह्याला काय कलेक्टर करतो का?' त्यांना सांगा, कलेक्टर नाही, पण मिस्त्री झाला. मिस्त्रीच म्हणतात मला इथं.

फोन मात्र करू नका. तुमच्या गावच्या किराणा दुकानातल्या फोनवर एक जण बोलतो अन् दहा जण ऐकतात. कागदच बरा.

सोपानदादाला नमस्कार. आबांच्या पायावर डोकं.
तुमचा दीर,
अमृत


मढ,
२ डिसेंबर १९९९

चि. अमृतभावजींना,
जयावहिनीचा आशीर्वाद.

अनारसे पाठवले असते, पण कारभारी मिस्त्री झालेत, त्यांना आमच्या हातचं कसं गोड लागणार? बरं ते जाऊ द्या. अनारसे संपले, दोन तुमच्या दादांनी खाल्ले अन् बाकीचे मी. पुढच्या वर्षी वेळेवर या.

तुमचं पत्र आबांना वाचून दाखवलं. तार, साचा, वार्निश, सगळं. डोळे मिटून ऐकत होते. झाल्यावर तंबाखू मळत म्हणाले, 'शेठ लई चांगला मानूस दिसतोय.' मी म्हटलं, शेठचं काय घेऊन बसलात, पोराचं बोला. तर म्हणाले, 'तेच बोलतोय.' अन् उठून गुरांकडं गेले. तुम्हाला माहीत आहेत आबा. एका वेळी दोन वाक्यं बोलले तर ताप येईल त्यांना.

इकडची खबर म्हणजे आपल्याकडं पण मोटर आली! नदीच्या डोहावर. आपण, जानकूकाका अन् आणखी दोन घरं मिळून. भात निघाल्यावर रान मोकळं पडायचं ते आता गहू पेरलाय. आबा दिवसातून चार वेळा डोहावर जाऊन मोटरीकडं बघून येतात, जशी काही व्यालेली म्हैस आहे. जानकूकाकांची एक जुनी जळकी मोटर पण त्यांच्या गोठ्यात पडून आहे, तिच्यावर कोंबड्या बसतात.

दुकान बघायला झोडणी उरकली की जातो म्हणाले. मी मागं लागेन.

जेवणाची हयगय करू नका. खानावळीत तिखट फार असतं म्हणाला होता, दही मागून घ्यायचं, लाजायचं नाही.
तुमची वहिनी,
जया


वारूळवाडी,
२० जानेवारी २०००

ती. वहिनी,

हे पत्र तुम्हाला एकटीला. आबांना वाचून दाखवू नका, तुम्हाला माझ्या गळ्याची शपथ. अन् त्यांना इकडं पाठवायची घाई पण करू नका.

मिस्त्री म्हणतात म्हणून लिहिलं ते खोटं नाही, पण म्हणतात ते फक्त शेठ अन् धर्माजी. अन् तेही आत. दुकानाच्या मागच्या भागात गोणपाटाचा पडदा लावलाय, मी त्याच्या आड बसतो. गिऱ्हाइकाला मी दिसत नाही. बाहेर सांगतात, मोटर धर्माजी मिस्त्रीनं भरली.

शेठ वाईट नाहीत, आधीच सांगतो. पहिल्या वर्षी मी पुढंच बसायचो. एक पावणा मोटर घेऊन आला. मी हातावर सरकत गेलो अन् मोटर ओढून घेतली, तर म्हणाला, 'ज्याला सोताचं बूड उचलता येत न्हाई, त्यानं भरलेली मोटर पानी उचलंल का?' अन् समोरच्या दुकानात घेऊन गेला. दुसऱ्याची नवी विहीर होती. तो म्हणाला, मुहूर्ताच्या कामाला अधू माणसाचा हात नको. असं चार-सहा वेळा झालं, तसं शेठनी गोणपाट आणलं. म्हणाले, 'तुला बोलतात ते मला ऐकवत नाही अमृत, अन् धंदाही बुडतो.' दोन्ही खरं होतं, मी हो म्हटलं. हो म्हटलं नसतं तर घरी येऊन काय केलं असतं? दादाच्या जिवावर खाटेवर बसलो असतो.

आमच्या भागात रीत आहे. मोटर बसवून पाणी पडलं की विहिरीवर नारळ फुटतो, अन् मिस्त्रीला टोपी-टॉवेल देतात, पंगतीला पहिलं पान वाढतात. मिस्त्रीचं नाव होतं ते तिथं, दुकानात नाही. धर्माजीची पेटी टोप्यांनी भरली. तो भला माणूस आहे, त्याला जड जातं. मी भरलेल्या मोटरीचं पाणी पडताना मी एकदाही पाहिलेलं नाही वहिनी. चार वर्षांत एकदाही नाही.

लिहिलं म्हणून जरा बरं वाटलं. आता विसरून जा.
अमृत


मढ,
११ मार्च २०००

चि. अमृतभावजींना आशीर्वाद.

तुमच्या पत्राचं उत्तर लिहायला बसले की हात थांबायचा. तुम्ही शपथ घातलीत, मी गप्प बसले. पण आता जे झालंय ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. आधी सांगा, तुम्ही त्या दिवशी होता कुठं?

मागच्या पंधरवड्यात डोहावरची मोटर जळाली. गहू नेमका दाण्यात. हे म्हणाले ओतूरला नेतो. आबा म्हणाले, 'न्यायची तर आमृत हाय त्याच दुकानात. तिथल्या धर्माजी मिस्त्रीचं नाव बाजारात ऐकलंय मी.' अन् स्वतः दुधाच्या टेम्पोत बसून गेले. मला किती आनंद झाला! तुमच्यासाठी गूळ-शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले. संध्याकाळी आले तर लाडू तसेच पिशवीत. विचारलं तर म्हणाले, 'दिसला न्हाई.' टेम्पोवाल्याची घाई होती म्हणे.

मग धर्माजी आला, मोटर बसवली. काय पाणी पडलं भावजी! सगळी आळी डोहावर. आबांनी नारळ फोडला. धर्माजीच्या डोक्यावर स्वतःच्या हातानं टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, अन् म्हणाले, 'मिस्त्री, तुमच्या हातात देव हाय. आमचं पोरगं तुमच्यापाशी असतं, पायानं अधू हाय. त्याला संभाळून घ्या.'

 धर्माजी जेवायला बसला तर घास तोंडातच फिरत होता. मी वाढायला होते, ताटावरनं नजर वर काढली नाही त्यानं. माझ्या जिभेवर आलं होतं, आबा, ही मोटर कुणी भरली माहीत आहे का! गिळलं. तुमची शपथ आड आली. मेली शपथ.
जया


वारूळवाडी,
१६ मार्च २०००

वहिनी,

कुठं होतो विचारता? तिथंच होतो. गोणपाटाच्या आत, हातभर अंतरावर.

टेम्पो थांबला, मोटर उतरवली, अन् मग आबांचं खाकरणं ऐकू आलं. लाख माणसांत ओळखीन. माझ्या हातातली कॉइल तशीच राहिली. शेठला म्हणाले, 'मढहून आलोय. मोटर धर्माजी मिस्त्रीच भरत्यात ना?' शेठ म्हणाले, हो, तेच. शेठ आबांना ओळखत नाहीत, त्यांचा काय दोष?

बाहेर गिऱ्हाइकं उभी होती. मी बाहेर आलो असतो तर सगळ्यांच्या पुढं, बनियनवर, काजळीनं माखलेला, हातावर सरपटत आलो असतो. आबांची मान खाली गेली असती. म्हणून थांबलो. म्हटलं, विचारतील. 'आमचा आमृत कुठंय' एवढंच विचारलं असतं ना, तर गोणपाट फाडून आलो असतो. ते बाकावर बसले. पाणी प्याले. तंबाखू मळली. अन् उठून गेले. माझं नावही काढलं नाही हो त्यांनी.

त्यांना माझी लाज वाटते. वाटणारच. चार लोकांत कशाला सांगायचं की आत बसलेला तो आपला?

ती मोटर मीच भरली, हे तुम्हाला कळलंच असेल. रडत भरली, पण हात हलू दिला नाही. धर्माजी तुमच्याकडून आला तो सरळ माझ्याकडं. टोपी-टॉवेल मांडीवर ठेवून म्हणाला, 'तुझ्या बापानं दिलंय. मला पचायचं न्हाई हे.' मी भिरकावून दिलं. तो बिचारा उचलून झटकत बसला.

आता आबांबद्दल मला काही लिहू नका.
अमृत


मढ,
२५ मार्च २०००

भावजी,

लिहू नका म्हणता, तर लिहिणार. अन् शपथ मोडली, तेही सांगते. तुमच्या गळ्याला काही होत नाही, माझा भरून आलाय त्याचं बघा.

तुमची दोन्ही पत्रं आबांना वाचून दाखवली. गोणपाटाचं, खाकरण्याचं, सगळं. म्हटलं, आबा, आपली मोटर धर्माजीनं नाही, आपल्या अमृतनं भरली. सगळ्या मोटरी तोच भरतो. ऐकून घेतलं, अन् म्हणाले, 'मन राखाया लिवतंय पोरगं. चार वर्सं मनासारखं काम न्हाई मिळालं, तर असं कायतरी लिवनारच.' मी म्हटलं, मी खोटं बोलते का? तर म्हणे, 'तू बी त्यालाच सामील.'

मग मात्र मी भांडले. सासऱ्याशी आजवर कधी असं बोलले नव्हते. म्हटलं, दारात जाऊन पोराचं नाव काढलं नाही, इतकी कसली लाज? तेव्हा बोलले. एकदम बोलले. 'लाज कसली गं? शेठनं दयेनं ठिवून घेतलाय त्याला. मी इचारलं असतं, अन् तो हातात झाडू घिऊन भाईर आला असता म्हंजी? चार लोकांत? मला बघवलं नसतं. अन् मी बघितलं हे त्याला सोसलं नसतं.' असं म्हणून टोपीनं डोळे पुसले. मी त्यांना सासूबाई गेल्या तेव्हा पण रडताना पाहिलं नव्हतं.

कळलं का आता? तुम्ही आत बसून राहिलात त्यांची मान खाली जाऊ नये म्हणून, अन् ते तोंड मिटून बसले तुमची जाऊ नये म्हणून. दोघं बापलेक सारखेच खुळे. मला दोघांनाही उभं करून मारावंसं वाटतं.

कागदावरचं त्यांना पटायचं नाही. इथं या. सामान घेऊन या. त्यांच्या डोळ्यांपुढं एक मोटर भरा.
जया


वारूळवाडी,
३० मार्च २०००

ती. वहिनी,

तुमचं पत्र किती वेळा वाचलं ते सांगत नाही, हसाल.

येतो. नक्की येतो. शेठना विचारलं. म्हणाले, आत्ता सीझन सोडून गेलास तर मी दुकानाला कुलूप लावू का? मेमध्ये आखिती झाली की जा. पटलं मला. मोटरींचा ढीग पडलाय, अन् दुसरा वाइंडर नाही. महिनाभराचा तर प्रश्न आहे.

जानकूकाकांच्या त्या जळक्या मोटरीवरच्या कोंबड्या हाकला. ती आपल्या ओसरीवर आणून ठेवा. मी साचा, तार, कागद, वार्निश सगळं आणतो. आबांची खाट शेजारी टाका. मी एक शब्द बोलणार नाही. बसून बघू द्यात त्यांना. मग स्टार्टर दाबायला पण त्यांनाच सांगू.

देवाजवळ आजवर काही मागितलं नाही, पाय पण नाही मागितले. आबांनी मला काम करताना बघावं, एवढं मागतो.
अमृत


मढ,
७ मे २०००

चि. अमृतभावजींना आशीर्वाद.

इकडं सर्व क्षेम आहे. आबा ठीक आहेत, उन्हानं जरा थकलेत. तुम्ही एवढ्यात येऊ नका. जानकूकाकांची मोटर हलवायला माणसं मिळत नाहीत, लग्नसराई आहे. काम सोडून येण्यासारखं काही नाही. सावकाश या. तब्येतीस जपा.

कळावे,
जया


वारूळवाडी,
१३ मे २०००

वहिनी,

हे पत्र तुमचं नाही. अक्षर तुमचं आहे, पण त्यात एक चिमटा नाही, एक टोमणा नाही. 'सर्व क्षेम' असं तुम्ही कधीपासून लिहायला लागलात?

धर्माजी परवा जुन्नरला गेला होता. त्याला औषधाच्या दुकानात दादा दिसला. धर्माजीनं हाक मारली तर दादा तोंड चुकवून निघून गेला.

काय झालंय? मला पाय नाहीत म्हणून घरातलं काही कळू पण द्यायचं नाही का? शेठनी एक गोणपाट लावलंय, ते पुरे आहे. तुम्ही दुसरं लावू नका.
अमृत


मढ,
१७ मे २०००

भावजी,

माफ करा म्हणायला तोंड नाही.

एप्रिल संपता संपता आबा डोहावर गेले होते, तिथंच पडले. अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. जुन्नरला आठ दिवस ठेवले, मग डॉक्टर म्हणाले घरी न्या. आता खाटेवर आहेत. भरवावं लागतं. डोळे उघडे असतात, पण ओळखतात की नाही काही कळत नाही. कधी वाटतं ओळखतात.

मी त्याच दिवशी कळवणार होते. हे म्हणाले, 'त्याला कळवून काय? त्याला आनायचा कुनी? अन् यिऊन तो कुनाला उचलनार हाय? उलट एकाचं दोघांचं करावं लागंल.' जिवाच्या ताणानं बोलले, मनानं वाईट नाहीत ते, तुम्ही जाणता. पण मी ऐकलं त्यांचं, ही माझी चूक.

या. असाल तसे या. सामान आणा. मोटर ओसरीवर आणून ठेवली आहे, मी अन् जानकूकाकांनी ढकलत आणली.
जया


वारूळवाडी,
५ जुलै २०००

ती. वहिनी,

आबा गेले त्या दिवशी आलो, दहाव्यापर्यंत राहिलो, पण बायांची गर्दी, तुमच्याशी नीट बोलता आलं नाही. कागदावरच बोलता येतं आपल्याला.

दादानं माझ्यासाठी तिरडी थांबवून धरली, हे मी विसरणार नाही. खांदा देता आला नाही, पण उचलायच्या आधी बांबूला हात लावू दिला. त्याच्यावरचा माझा राग गेला, त्याला सांगा.

पण एक गोष्ट मला सोडत नाही. मे महिन्यात आलो होतो तेव्हा चार दिवस त्यांच्या खाटेजवळ बसून मोटर भरली. ठरवलं होतं तसं, एक शब्द बोललो नाही. अधूनमधून वर बघायचो. त्यांचे डोळे माझ्या हातांवर असल्यासारखे वाटायचे. मोटरीच्या पोटात बल्ब पेटवून वार्निश वाळवलं. दादा अन् जानकूकाका मोटर डोहावर घेऊन गेले. दादा मला पाठीवर घेऊन जातो म्हणत होता, मी नाही म्हटलं. पाणी काय पुन्हा बघता येईल, मला आबांजवळ बसायचं होतं. दादा पळत आला, त्यांच्या कानाशी ओरडला, 'आबा, पानी पडलं! आमृतनं भरली मोटर, आपल्या आमृतनं!' अन् आबांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

दुसऱ्या दिवशी शेठचा निरोप आला म्हणून मी निघालो. खरं म्हणजे निरोप नसता तरी निघालो असतो. मला ते तोंड फिरवलेलं सहन झालं नाही. त्यानंतर तीन आठवड्यांत ते गेले.

मी नसताना तुम्हीच त्यांच्याजवळ होता. खरं सांगा. त्यांना कळलं होतं का?
अमृत


मढ,
१६ जुलै २०००

चि. अमृतभावजींना,

तुमच्या पत्रानंतर दोन कागद फाडले. एकावर लिहिलं होतं, हो, कळलं. हे म्हणाले, तसंच पाठव, त्याच्या जिवाला बरं वाटंल. पण मागं एकदा 'सर्व क्षेम' लिहून मी तुमचे पंधरा-वीस दिवस घालवले. आता पुन्हा नाही.

मी पाहिलं ते लिहिते. तुम्ही मोटर भरत होता तेव्हा आबांचे डोळे उघडे होते, तुमच्याकडंच होते. खरं आहे. पण तुम्ही गेल्यावरही ते त्याच जागेकडं तसेच बघायचे, तिथं कुणी नसताना. हे ओरडले तेव्हा तोंड फिरवलं. खरं आहे. पण मी पेज घेऊन गेले तरी फिरवायचे, डासानं चावलं तरी फिरवायचे. एकदा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी तुमचं नाव घेतलं होतं. पण त्या बाजूचा डोळा दिवसभरच गळायचा.

तेव्हा मला माहीत नाही भावजी. मी दीड महिना त्यांच्या उशाशी बसले, अन् मला माहीत नाही. तुम्हाला खोटं सांगून मला झोप लागली नसती, खरं सांगूनही लागणार नाही.

ते बोलते असताना दुकानात आले होते, तुम्ही हातभर लांब होता. तेव्हा दोघांपैकी एकानं हाक मारायला हवी होती. हे मी चिडून लिहीत नाही. रोज भाकरी थापताना हेच मनात येतं, म्हणून लिहिते.

जेवत जा. रागावला असाल तर रागवा, पण पत्र बंद करू नका.
तुमची वहिनी,
जया


वारूळवाडी,
१९ ऑगस्ट २०००

ती. वहिनींस,
अमृतचा नमस्कार.

रागावलो नाही. 'कळलं' असं लिहिलं असतं तर मला पटलं नसतं, तुम्हाला पण ते माहीत होतं. बरेच दिवस मात्र कुणाशी बोलावंसं वाटलं नाही. काम करत राहिलो.

काल पारगावकडचे एक बाबा मोटर घेऊन आले. आबांच्या वयाचे. मी आत होतो. त्यांनी शेठना विचारलं, 'धर्माजी मिस्त्रीच भरत्यात ना मोटर?' शेठ हो म्हणायच्या आत मी आतून ओरडलो, 'न्हाई! मी भरतो! मढच्या गेणभाऊचा आमृत!' माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. गोणपाट बाजूला केलं अन् हातावर बाहेर आलो. काजळी होती अंगाला, बनियनच होतं. सगळी गिऱ्हाइकं बघत होती.

बाबांनी माझ्या पायांकडं बघितलं, मग शेठकडं. 'जरा जाऊन येतो' म्हणाले, अन् मोटर परत टेम्पोत घालून घेतली. आणखी एक जण त्यांच्या मागोमाग गेला. धर्माजी शेठना म्हणाला, 'खरं बोलला तो. ह्या सगळ्या त्यानंच भरल्यात.' शेठ डोकं धरून बसले. रागावले नाहीत. हळूच म्हणाले, 'अमृत, माझी लेकरं आहेत रे. तू आत बस.' मी म्हटलं, आत बसणार नाही शेठ.  मग त्यांनीच माझा साचा पुसून माझ्या पिशवीत घातला. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं.

तेव्हा इथलं काम सुटलं. सोमवारी धर्माजी मला त्याच्या गाडीवरून मढला आणून सोडतो. दादाला सांगा, मी त्याच्या जिवावर बसायला येत नाही. सुरुवातीला कदाचित बसावं लागेल, ते त्यानं सोसावं.

ओसरीच्या रस्त्याकडच्या बाजूला पेंढ्या रचल्यात, त्या हलवून ठेवा. मी तिथं बसणार. गिऱ्हाईक येईल न येईल. पण रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला मी काम करताना दिसलो पाहिजे, एवढं बघा.

तुमचा दीर,
अमृत